किहीमकरांची दोन फडताळं

घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच. पण कुठलं भांडं कुठल्या भांड्याला लागू द्यायचं, यावरच संस्कृती टिकून असते.

१९८७ साली ठाण्यातल्या आमच्या सुविचार सोसायटीत एलिजा किहीमकर जागा घेत होते. कुटुंब बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अलिबागकडचं. (मराठी आमच्यापेक्षा बरं.) शेजारच्याच गल्लीतली जुनी खोली महिनाअखेर सोडायची होती आणि सगळं आमच्या ना-हरकत दाखल्यावर अडलं होतं. त्यांच्याकडे भांड्यांचे दोन संच आहेत, अशी कुणकुण लागल्याने आम्हा पाच जणांची समिती त्या खोलीच्या पाहणीला गेली.

कुणकुण खरी निघाली. मटणाचं फडताळ लाल, दुधाचं निळं. पळ्या वेगळ्या, घासण्या वेगळ्या, फडकीसुद्धा वेगळी. मटण खाल्लं की कित्येक तास दुधाला शिवायचं नाही. म्हणून रश्शातसुद्धा नारळाचंच दूध. समितीला गहिवरून आलं. असा काटेकोरपणा आमच्यात कुठला! (सेक्रेटरी त्र्यंबकरावांचं मटणाचं पातेलं गॅलरीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं असतं. सोसायटीतल्या अकरा शाकाहारी घरांपैकी सात घरांत असं पातेलं आहे. उरलेल्या चौघांनी माहिती देण्याचं टाळलं.)

माशी शिंकली ती चहाच्या वेळी. किहीमकरांच्या पत्नी रिबेकाबाईंनी निळ्या फडताळातून सहा कप काढले. पाच आम्हाला, सहावा भांडी घासायला आलेल्या शांताबाईंना. शांताबाई तो घेऊन आमच्याशेजारीच खुर्चीवर बसल्या.

त्र्यंबकरावांचा कप ओठाशीच थांबला. "वहिनी, हिची कपबशी कुठली?"

"हीच की."

"तसं नव्हे. हिची म्हणून वेगळी?"

"अहो, आम्हाला धर्मानं मटण आणि दूध एवढंच वेगळं ठेवायला सांगितलंय. तिसरं फडताळ कुठून आणू?"

"प्या ना सायेब," शांताबाई म्हणाल्या. "तुमच्या घरचे कप पन मीच घासते."

(ही बाब इतिवृत्तात घेतलेली नाही.)

अर्ज सर्वानुमते फेटाळला. कारणाच्या रकान्यात त्र्यंबकरावांनी लिहिलं : 'भांडी अपुरी.' किहीमकर ठाकुर्लीला राहायला गेले. मला फार वाईट वाटलं. सही मात्र मी केली.

शेवटी शिस्त ती आमचीच. शांताबाईंचा कान तुटलेला कप आमच्याकडे खिडकीत, तुळशीच्या कुंडीमागे असतो. तुमच्याकडे कुठे असतो, ते कळवण्याची तसदी घेऊ नये. आमच्याकडचं काम आटोपलं की शांताबाई तुमच्याकडेच येतात.