सरकारी गवताचे इंगळे साहेब

लग्नात इंगळे साहेब कुठे आहेत हे शोधायचं असेल, तर जेवणाच्या काउंटरकडे बघायचं नाही, खाली बघायचं. आमच्या ऑफिसातल्या तिवारीजींच्या मुलीचं लग्न बायपासच्या एका मॅरेज गार्डनमध्ये होतं. सगळे आहेर घेऊन स्टेजपुढे रांगेत उभे होते आणि साहेब लॉनच्या मधोमध उकिडवे बसले होते. पुढ्यात त्यांची चौकट. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, पांढरा रंग दिलेली लाकडी चौकट, जमिनीवर टाकून आतलं गवत मोजायची. दौऱ्यावरून थेट लग्नाला आले होते, म्हणून ती सोबत होती. ती त्यांनी हिरवळीवर टाकली होती आणि आतलं गवत ते बोटांनी विंचरत होते.

तिवारीजी धावत आले. "क्या हुआ साहब, कुछ गिर गया क्या?"

साहेबांनी मान वर केली नाही. "फालतू माल आहे तिवारीजी. ढोरं बी तोंड लावणार नाहीत."

नेमका मागे कॅटरर उभा होता. बिचाऱ्याचा चेहरा उतरला आणि त्याने गुपचूप पनीरचं झाकण उघडून वास घेतला.

मी त्यांच्याच ऑफिसात आस्थापना शाखेची बाबू. लोकांच्या रजा, पगारवाढी आणि बदल्या टाइप करण्यात माझं आयुष्य गेलं. साहेबांचं पद कागदावर लांबलचक होतं, चरागाह विकास वगैरे काहीतरी. कोणी विचारलं की ते सांगत, "सरकारी गवत बघतो." इंदूरच्या आसपास प्रत्येक गावाला गुरांसाठी सोडलेली सरकारी जमीन असते. महाराष्ट्रात तिला गायरान म्हणतात, इकडे चरनोई. तिथे कोणतं गवत उगवतं, किती गुरं चरतात आणि जमिनीला ते झेपतं का, हे बघणं साहेबांचं काम. त्यांचा अहवाल कोणी वाचत नसे. मी वाचायचे, कारण मला तो टाइप करावा लागायचा.

साहेब मूळचे महूचे. आजोबा फौजेत होते, त्यामुळे बूट चकचकीत आणि पाठ ताठ. लग्न केलं नाही. इंदुरात भंवरकुआंला कोचिंगच्या मुलांच्या हॉस्टेलच्या इमारतीत दोन खोल्या घेऊन राहत. चौकट गळ्यात अडकवून स्कूटरवरून निघाले की वर गॅलरीतून पोरं ओरडत, "चौखट अंकल, नमस्ते!" मी त्याच रस्त्यावर राहत असल्याने पुष्कळदा त्यांच्या मागे बसून ऑफिसला जायचे. सिग्नलवर लोक आधी चौकटीकडे बघत, मग माझ्याकडे. माझ्याकडे बघताना त्यांच्या नजरेत जी दया असायची ती मी कधी विसरणार नाही.

त्यांचा एक नियम होता. "अर्धं खा, अर्धं राखा." गवताचा निम्मा पाला गुरांनी खावा आणि निम्मा मुळांसाठी राहू द्यावा, तरच ते पुन्हा उगवतं. हे शास्त्र आहे, त्याला माझी हरकत नाही. पण साहेब ते पोह्यांनाही लावत. अर्धी प्लेट खाऊन हात थांबवत. जलेबी मधोमध मोडत. एकदा मी चिडून म्हटलं, "साहेब, हे पोहे काय परत उगवणार आहेत?" तर म्हणाले, "क्या है ना ताई, सवय तोंडाला लावावी लागते. जमिनीला तोंड नसतं."

दुसरा त्यांचा लाडका शब्द 'ओव्हरग्रेझिंग', म्हणजे अती चराई. हॉस्टेलची मेस दुपारी बाराला रिकामी झाली, ओव्हरग्रेझिंग. दिवाळीचा फराळ पहिल्याच दिवशी संपला, ओव्हरग्रेझिंग. स्वतःच्या टकलावरून हात फिरवून म्हणत, "इथे आराम द्यायला उशीर झाला." चालताना त्यांची नजर कायम जमिनीवर, म्हणून ऑफिसातली माणसं ते चपलांवरून ओळखत. मी नवी सँडल घातली त्या दिवशी त्यांनी मला लिफ्टमध्ये ओळख दिली नाही.

हे सगळं मी हसवायला सांगते आहे. यापुढचं सांगताना ते जमेल असं वाटत नाही.

सांवेरच्या रस्त्याला आत एक गाव आहे. तिथली चरनोई पार उजाड झालेली, नुसता तरोटा माजलेला, जो गुरं खात नाहीत. साहेबांनी तिथे सतरा वेळा चौकट टाकली असेल. एकदा कुंपणाच्या काट्यांखाली त्यांना मारवेल या गुरांच्या आवडत्या गवताची चार-पाच ठोंबं सापडली. त्या दिवशी ऑफिसात आले तेव्हा घरात पाळणा हलल्यासारखा चेहरा. "ताई, जमीन जिवंत आहे! फक्त दमली आहे. तिला दोन पावसाळे सोडा, बस."

सोडा म्हणणं सोपं. गावात पंचवीस-तीस घरांची गुरं होती. ती न्यायची कुठे? साहेब सुट्टीच्या दिवशीही जायला लागले. झाडाखाली बसून समजावत. कोणी ऐकेना. शेवटी भेरूलालजी नावाचा एक म्हातारा उठला. चाळीस गुरं त्याची, गावात त्याच्या शब्दाला वजन. तो म्हणाला, साब खोटं बोलणारा माणूस वाटत नाही, मी माझी गुरं थांबवतो. त्याने थांबवली, मग सगळ्यांनी थांबवली. दोन वर्षं त्या लोकांनी सोयाबीनचं भूस विकत आणलं, गुरं लांब लांब नेली, काहींनी विकली. कोणी त्या जमिनीत एक वासरूसुद्धा सोडलं नाही.

आणि गवत आलं. दुसऱ्या वर्षी पावसाळा संपल्यावर साहेबांनी अख्खं ऑफिस जीपमध्ये कोंबून तिथे नेलं. गुडघ्याएवढं गवत वाऱ्याने एका बाजूला झुकत होतं. माझ्या साडीला शंभर कुसळं चिकटली. साहेब चौकट टाकत होते आणि मोठमोठ्याने नावं सांगत होते, जशी एखादी आजी लग्नघरात नातवंडांची ओळख करून देते. भेरूलालजी बाजूला उभा राहून डोक्याचं पागोटं नीट करत होता. बी नीट पडावं म्हणून आणखी एक पावसाळा थांबायचं आणि मग गुरं सोडायची, तीही मोजकी आणि पाळीपाळीने, असं ठरलं.

परत आल्यावर साहेबांनी अहवाल लिहिला. मी टाइप केला. त्यात एक वाक्य होतं: 'निरीक्षण दिनांक को एक भी पशु चरता हुआ नहीं पाया गया. विगत दो वर्षों से चराई पूर्णतः बंद है.' साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, "ताई, हे वाक्य बोल्ड करा. लोकांनी केवढं पाळलं, ते वरच्यांना दिसलं पाहिजे."

मी बोल्ड केलं. हे मी लिहून ठेवते, कारण माझ्या हातून झालेलं आहे.

काही महिन्यांनी वरून आदेश आला. मीच पाकीट फोडलं. त्या जमिनीवर चराई होत नाही, गावाला तिची गरज उरलेली नाही, असं खुद्द विभागाच्या विशेषज्ञाच्या पाहणीतून सिद्ध होत असल्यामुळे, ती चरनोईतून काढून गोदामांसाठी देण्यात येत आहे. खाली आमचं वाक्य जसंच्या तसं छापलेलं.

साहेबांनी तो कागद तीनदा वाचला. मग मला विचारलं, "ताई, मी जमिनीला आराम दिला असं लिहिलं होतं ना? बंद केली म्हणजे आराम दिला, हे कळतं ना कोणालाही?" गवतवाल्याला कळतं. गवतवाला आमच्याकडे एकच होता.

त्यानंतर ते टेबलाटेबलावर फिरले. अर्ज केले, फोटो जोडले, गावकऱ्यांचे अंगठे घेऊन गेले. प्रत्येक ठिकाणी माणसं नम्र होती. खुर्ची देत, चहा मागवत आणि कागद पुढे करत. "साहब, साइन तो आपके ही हैं ना?" साइन त्यांचीच होती. लपेटदार, शाईच्या पेनाची, अभिमानाने केलेली.

गवत फुलोऱ्यावर असताना जेसीबी आला. साहेब गेले नाहीत बघायला. त्या दिवशी ते दिवसभर रेकॉर्ड रूममध्ये बसून होते, आणि मी दोनदा चहा पाठवला तो दोनदा तसाच परत आला.

मग एके दिवशी भेरूलालजी ऑफिसात आला. मला वाटलं, आता शिव्या देणार. द्यायलाच हव्या होत्या, निदान आम्हाला बरं वाटलं असतं. तो दारात चपला काढून आत आला आणि जमिनीवर बसायला लागला. साहेबांनी त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

"राम राम साब. ढोर तो सब बेच दिया," तो म्हणाला. "एक बूढ़ी गाय है, उके कोई नी ले. तम तो जाणकार हो, सगळी चरनोई तमारी देखी हुई. बताव, उके कां चराऊं?"

तो टोमणा नव्हता. म्हातारा खरंच विचारत होता. साहेबांच्या मागे भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता, त्यावर सगळ्या चरनोया त्यांनी स्वतः हिरव्या पेन्सिलीने रंगवलेल्या. ते उठले आणि नकाशावर बोट ठेवलं. इथे आता कॉलनी. बोट सरकलं. इथे प्लॉट पडलेत. इथे खदान. गौतमपुऱ्याकडे एक होती, तिच्यावर बोट जरा थांबलं, मग तिथूनही निघालं. आम्ही दोघं बघत होतो. ते बोट जिल्हाभर फिरून कडेच्या लाकडी पट्टीपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. साहेब वळले नाहीत.

भेरूलालजीच उठला. "कोई बात नी साब. देखूंगा कई." चपला घालून निघून गेला.

संध्याकाळी स्कूटरवर साहेब एवढंच बोलले. "ताई, तीस वर्षं नोकरी. एका गायीला जागा नाही सांगता आली." मी मागे बसून रडले. हेल्मेट होतं, कोणाला दिसलं नाही.

पुढे त्यांनी चौकट घरी ठेवली. अहवाल चार ओळींचे झाले. पोरं गॅलरीतून हाका मारत, ते मान न उचलता जात. आणि मला कळलं की दर रविवारी सकाळी साहेब कुठेतरी जातात. मी विचारलं नाही. ते पडले आणि गुडघ्याला प्लास्टर लागलं तेव्हा त्यांनीच सांगितलं, कारण दुसरा इलाज नव्हता.

"मतलब, एक काम आहे ताई. सांवेर रोडला चारा विकणारा बसतो. त्याच्याकडून हिरव्या चाऱ्याच्या दोन पेंढ्या घ्यायच्या. भेरूलालजीच्या गावाच्या तोंडाशी लिंबाला ओटला आहे, त्याच्यावर ठेवायच्या आणि निघून यायचं. त्याच्या घराकडे बघायचं नाही."

"साहेब, तुम्ही त्याला भेटत नाही?"

"काय तोंडाने भेटू?"

मी रविवारी स्कूटीवर दोन पेंढ्या बांधून गेले. गोदामांची लांबच लांब निळी छपरं रस्त्यावरूनच दिसत होती. ओटल्यावर पेंढ्या ठेवल्या आणि वळले, तर समोर भेरूलालजी उभा.

"साब नी आया?" त्याने विचारलं. मी प्लास्टरचं सांगितलं. त्याने खूप चौकशी केली, कुठे लागलं, हाड मोडलं का, करून कोण घालतं. म्हणाला, "हूं तो हर इतवार किंवाड़ के पीछे बैठ्यो रूं. साब आवे, चारो धरे, ने चोर सरीको भागी जाय." सांगताना तो हसला. मीही हसले.

मी विचारलं, गाय कशी आहे?

तो थोडा वेळ पेंढीची दोरी सोडत राहिला. "गाय तो फागण में मरी गी, बेनजी. चारो हूं पड़ोसी की गाय के डाल दूं." मग इकडेतिकडे बघून, तिथे आमच्याशिवाय कोणी नसताना, आवाज खाली केला. "साब के मत बताजो. मालूम पड़्यो तो आणो छोड़ देगा. ने फिर अकेलो आदमी, इतवार के दन कां जायगा?"

फाल्गुन होऊन चार महिने झाले होते.

परत आले तर साहेब पाय उशीवर ठेवून दाराकडेच बघत बसले होते. मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

"ठेवलं?"

"ठेवलं."

"गाय दिसली का हो?"

मी आयुष्यभर सरकारी कागदावर खरी वाक्यं टाइप केली आणि त्यांचं काय झालं ते बघितलं. "दिसली," मी म्हटलं. "दारात बांधली होती. चांगली खाते."

साहेबांनी डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या कपाळावरची शीर जरा सैल झाली.

"मग पुढच्या इतवारी एक पेंढी जास्त नेऊ या का?"

मी म्हटलं, नेऊ या.