कार्ड कपाळाला लावण्याची गोष्ट

"बारा पानांची पुस्तिका काढूनही पर्यटकांना जे कळलं नाही, ते मी तोंड न उघडता शिकवीन," असं मी साहेबांना सांगून टाकलं. माझा आवाज हळू असतो, पण शब्द मी मागे घेत नाही.

आमच्या स्टेशनवर प्रवासाचं कार्ड आत जाताना यंत्रावर टेकवायचं आणि बाहेर पडतानाही टेकवायचं. बाहेरचं दार आपोआप उघडतं, म्हणून दुसऱ्यांदा टेकवायचं पर्यटक विसरतात. मग पुढच्या वेळी लाल दिवा लागतो, कार्ड अडकतं आणि रांग मदतकक्षात माझ्या खिडकीशी लागते.

तोंड न उघडण्याचं कारण मात्र निराळं. सकाळी अकरापर्यंत माझं मौन असतं. रोजचा नेम, वीस वर्षांचा.

"मदतकक्षात मौन?" साहेब म्हणाले. "बाई, आठ दिवस देतो. अडकलेली कार्डं कमी झाली नाहीत, तर तुमची खुर्ची जुन्या कागदांच्या खोलीत."

त्या खोलीत दिवसभर एक माणूस फिरकत नाही. मला माणसं लागतात, बोलले नाही तरी.

दुसऱ्या दिवशी पर्यटकांना फाटकाशी नेलं. कार्ड टेकवलं, हिरवा दिवा दाखवला, आत गेले. पुन्हा टेकवलं, बाहेर आले. सगळ्यांनी तसंच केलं. अगदी तसंच. हाती आलेली वस्तू कपाळाला लावायची मला सवय आहे, किल्ली असो की पावती. माझ्या ते ध्यानातही नव्हतं. त्यांच्या मात्र नीट ध्यानात राहिलं.

चौथ्या दिवशी चाळीस जणांचा जथा कार्ड टेकवून, कपाळाला लावून, डोळे मिटून, संथपणे आत निघाला. एका उंच गृहस्थांनी खात्री म्हणून कपाळच यंत्रावर टेकवलं. मागे कामावर निघालेल्यांची रांग रस्त्यापर्यंत.

"मावशी, आज पोहोचू ना आम्ही?" मागून कुणीतरी विचारलं.

साहेब धावत आले. "हे तुम्ही शिकवलंत?"

घड्याळात पावणेअकरा. मी नाही म्हणून मान हलवली. चाळीस पर्यटकांनी माना हलवल्या. त्यांना वाटलं, पुढची पायरी.

"बाजूला व्हा, मी दाखवतो." साहेबांनी आपलं कार्ड टेकवलं, ऐटीत आत गेले आणि आपोआप उघडलेल्या दारातून बाहेर आले. "इतकं सोपं आहे. पुन्हा बघा."

लाल दिवा. परत टेकवलं. लाल. एका पर्यटक आजींना दया आली. त्यांनी साहेबांचा हात धरला आणि कार्डासकट त्यांच्याच कपाळाला लावला.

रांगेत पिकलेला हशा अकरापर्यंत टिकला. अकराच्या ठोक्याला मी म्हणाले, "साहेब, बाहेर येताना टेकवलं नाहीत. या माझ्या खिडकीशी."

"ते कपाळ आधी बंद करा," साहेब दातओठ खात म्हणाले.

"मी दाखवायला लागल्यापासून एकच कार्ड अडकलं, तुमचं. कपाळाला लावायचं म्हणून लोक बाहेर पडतानाही कार्ड काढतात. बंदच करायचं तर लेखी द्या, कारणासकट."

कारणात स्वतःचं नाव आलं असतं. लेखी काही आलं नाही. खुर्ची जागेवर आहे.

त्या संध्याकाळी विजयाच्या भरात मी माझ्या थांब्यावर तशीच बाहेर पडले. सकाळी माझ्याच कार्डाला लाल दिवा. पाठीवर बोचकं घेतलेल्या एका परदेशी बाईंनी मला बाजूला घेऊन, कार्ड कुठे कुठे टेकवायचं ते खुणांनी सावकाश समजावलं आणि वर पाठ थोपटली.

मी कुठे काम करते ते त्यांना सांगितलं नाही. मौन होतं, म्हणून.