चाळीस मिनिटं आणि बाहेरची कडी

बायको जाऊन सात महिने झाले, तेव्हा कुठे गवंडीबाबांच्या लक्षात आलं की आपल्याला प्रार्थना येतच नाही.

चाळीस वर्षं घरात कामाची वाटणी ठरलेली होती. रोज सकाळी बायको प्रार्थना करायची आणि शेवटी बाबा 'आमेन' म्हणायचे. ती देवाशी बोलत असे तेवढ्यात त्यांचा दिवसभराच्या विटांचा आणि वाळूचा हिशोब लागून जाई. आता वीटही राहिली नव्हती आणि बायकोही. ते खाटेवर बसून 'हे प्रभू' म्हणत आणि तिथेच थांबत. हळूहळू जेवण कमी झालं. "तिच्या मागोमाग गेलो असतो तर बरं झालं असतं," असं ते मुलाला ऐकू जाईल इतक्याच हळू म्हणू लागले.

मुलाने घाबरून चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावलं. त्यांनी एक छापील कागद दिला. रोज चाळीस मिनिटं. दहा शांत बसायचं, दहा पवित्र शास्त्र वाचायचं, दहा मनन आणि शेवटची दहा गुडघे टेकून प्रार्थना. कागदाच्या तळाशी ठळक अक्षरांत सूचना होती. सुरुवातीला मन पळवाटा शोधेल, तहान लागेल, पाय दुखतील, कुणाला तरी हाक मारावीशी वाटेल. उठू नये. घरच्यांनीही उठवू नये.

हा कागद सुनेने ताब्यात घेतला. ती शाळेत परीक्षा विभाग सांभाळायची.

पहिल्या दिवशी बाबा चार मिनिटांत पाणी प्यायला बाहेर आले. दुसऱ्या दिवशी सात मिनिटांनी चष्मा शोधत आले, तो डोळ्यांवरच होता. तिसऱ्या दिवशी त्यांना स्वतःचाच राग आला.

"बाहेरून कडी घाल," ते सुनेला म्हणाले. "आज जमलं नाही तर मी हा नाद सोडला. चर्चसुद्धा सोडलं. आत मी काही म्हटलं तरी उघडायचं नाही."

"काहीही?"

"काहीही."

"मग शब्द फिरवायचा नाही हं, बाबा."

तीस मिनिटं कशीबशी गेली. मग बाबा खाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत गुडघे टेकून बसले. आयुष्यभर लाद्या बसवून झिजलेले गुडघे ते. उजवा तिथेच धरला. उठायला म्हणून डावा पाय मागे सरकवला, तर तो खाटेच्या लोखंडी दांडीखाली अडकला.

"अगं, दार उघड!"

"अजून आठ मिनिटं आहेत, बाबा."

"पाय अडकलाय!"

बाहेर कागद फडफडला. "पाय दुखणं लिहिलंय यात."

"दुखत नाही गं, अडकलाय!"

"तेच ते. मन पळवाटा शोधतंय."

"मन कुठलं पळतंय? मलाच पळता येत नाही! अरे, तू तरी उघड रे!"

"बाबा, तुम्हीच म्हणालात, काहीही म्हटलं तरी," मुलगा ओशाळून म्हणाला.

"लघवीला लागलीय मला!"

"हे मात्र कागदात नाही," मुलगा बायकोला म्हणाला.

"शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यांनाच लागते," सून म्हणाली.

वेळ संपताच तिने कडी काढलीच असती. पण आरडाओरडा ऐकून वरच्या मजल्यावरच्या मावशी खाली आल्या होत्या. त्यांनी दाराला कान लावला. आतून आवाज आला, "देवा, सोडव रे मला!"

"अंगावर काटा आला बघ!" मावशींनी सुनेचा हात धरला. "माणूस इतकं तळमळून बोलतोय आणि तू कडी काढतेस?"

सून आयुष्यात पहिल्यांदाच गोंधळली. तिने पाळकसाहेबांना फोन लावून तो दारापाशी धरला. पाळकसाहेब भारावून म्हणाले, "हात लावू नका. सात महिन्यांचं साचलेलं बाहेर पडतंय. मी आलोच." सकाळच्या उपासनेला जमलेल्या चौघांनाही ते घेऊन आले. सगळे दाराबाहेर गुडघे टेकून बसले.

"दार उघडा!" बाबा ओरडले.

"आमेन!" बाहेरून एका सुरात आलं.

"मला बाहेर काढा!"

"आमेन!"

"अरे बहिऱ्यांनो!"

यावर चौघं एकमेकांकडे बघू लागले. मग पाळकसाहेब गंभीरपणे म्हणाले, "खरंय. आपण बहिरेच आहोत. आमेन."

बाबांनी पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. चाळीस वर्षं आपणही असंच म्हणत आलो. ती रोज काय मागायची? त्यांनी आठवून पाहिलं. एक वाक्य आठवेना. शेवटच्या वर्षी तिचा आवाज बारीक झाला होता. कदाचित ती 'दुखतंय' म्हणत असेल. आणि आपण आमेन म्हणून, चपला घालून कामावर.

त्यांनी खाटेवर कपाळ टेकलं आणि ते गप्प झाले.

ओरडत होते तोवर सगळे निर्धास्त होते. ते गप्प झाले तसा मुलाचा जीव खालीवर झाला. त्याने मावशींना बाजूला सारून कडी काढली. तिघांनी मिळून बाबांना फटीतून उपसलं.

"काय अनुभव आला?" पाळकसाहेबांनी हात जोडून विचारलं.

"भिंतीला ओल आलीय," बाबा म्हणाले आणि लंगडत मोरीकडे गेले.

जाताना मावशी त्यांच्यासमोर वाकून उभ्या राहिल्या. "माझ्या कंबरेसाठी एक शब्द टाका हो. तुमचं तो ऐकतो."

"मावशी, माझं तर दाराबाहेर बसलेल्यांनीही ऐकलं नाही."

दुसऱ्या दिवशी बाबा खुर्चीवर बसले. कडी कुणी घातली नाही. चाळीस मिनिटं झाल्यावर सून घड्याळ घेऊन आत आली.

"झालं?"

"सुरूच झालं नाही." बाबा भिंतीकडे बघत होते. "तुझी सासू रोज काय मागायची गं?"

सुनेने सवयीने हातातला कागद पाहिला. त्यात ते नव्हतं.

"मी डबे भरत असायचे, बाबा," ती हळूच म्हणाली. "मीही शेवटचं आमेन तेवढं म्हणायचे."

"मी तर झोपलेलोच असायचो," दारातून मुलगा म्हणाला.

अठरा वर्षांच्या नोकरीत सुनेने कुणाला एक मिनिट जास्त दिलं नव्हतं. हाताला प्लास्टर घातलेल्या मुलीचाही पेपर तिने घंटेबरोबर ओढून घेतला होता. तिने घड्याळ टेबलावर पालथं ठेवलं आणि खाटेच्या कडेला बसली.

"बसा अजून," ती म्हणाली. "मलाही काही सुचत नाहीये."