नॉर्वेतला चोर

रेणुकादास सरांनी शोकेसमधल्या आदर्श शिक्षक पुरस्काराच्या ढालीमागं दुसरा राऊटर दडवला, तेव्हा घरात कुणी नव्हतं. विनीताबाई भाजी आणायला गेल्या होत्या, आणि निवडून निवडून भाजी घ्यायला त्यांना तासभर तरी लागत असे. तेवढ्या वेळात सरांना घर नॉर्वेत हलवायचं होतं.

नांदेडच्या शाळेत सरांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. नॉर्वेचा दंतुर किनारा ते फळ्यावर डोळे मिटून काढत. स्वतः मात्र हैदराबादच्या पलीकडं गेले नव्हते. निवृत्तीनंतर एकदा त्यांचा जुना विद्यार्थी शिवशंकर, ज्याचं आता कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्यांना म्हणाला, "सर, व्हीपीएन म्हणजे बोगदा समजा. इथून शिरायचं, नॉर्वेत निघायचं. तुम्ही खुर्चीतच बसून, पण इंटरनेटला वाटतं सर नॉर्वेत हायेत."

"म्हणजे तिथल्या माणसाला जे दिसतं ते मला दिसंल?"

"हाव. जाहिराती सुद्धा. फोनमधी टाकलं तर एकटा फोन जातो. दुसरा राऊटर लावला तर अख्खं घर जातं."

अख्खं घर, हे शब्द सरांच्या डोक्यातून चार दिवस गेले नाहीत. नॉर्वेतली माणसं काय विकत घेतात, सकाळी काय वाचतात, त्यांना कसल्या जाहिराती दाखवतात, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं. पाचव्या दिवशी ते राऊटर घेऊन आले.

जोडणी वाटली तितकी सोपी निघाली नाही. वायर नीट बसवली तरी नव्या राऊटरला इंटरनेट दिसेना. बऱ्याच वेळानं सरांच्या लक्षात आलं, की दोन्ही राऊटरचा पत्ता अगदी एकच आहे. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं असली तर पोस्टमन जाणार कुठं? त्यांनी नव्याच्या पत्त्यातला एक आकडा बदलला आणि दिवे भराभर लागले. मग त्यांनी व्हीपीएनच्या यादीतून नॉर्वे निवडलं, जुन्या राऊटरचं वायफाय बंद केलं आणि नव्याला जुन्याचंच नाव नि पासवर्ड दिला, म्हणजे बायकोला काही कळायला नको. मागच्या महिन्यात पाण्याचा फिल्टर उघडून परत बसवताना चार स्क्रू उरले होते, तेव्हापासून घरातल्या कुठल्याही यंत्राला हात लावायची सरांना मनाई होती.

सरांनी फोनवर हवामान पाहिलं. ओस्लो, अकरा अंश, पावसाची शक्यता. बाहेर नांदेडात त्रेचाळीस होतं. सरांनी पंखा एक नंबरनं कमी केला.

दुपारी दीड वाजता पुण्याहून मुकुलचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला. आईचं ऑनलाइन खातं त्यानंच काढून दिलं होतं, त्यामुळं धोक्याच्या सूचना त्याच्याकडं जात. विनीताबाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"आई, काय करून राहिलीस?"

"वांगं भाजून राहिले. का रे?"

"तुझं खातं कुणीतरी नॉर्वेतून उघडलंय."

सरांच्या हातातला पेपर खाली आला.

"नॉर्वेत आपलं कोण हाय?" विनीताबाईंनी विचारलं.

"कुणी नाही, म्हणूनच फोन केला. चोर आहे तो. बाराला दहा कमी असताना त्यानं वांग्याचं भरीत शोधलं. शेंगदाण्याचं कूट घालून."

विनीताबाईंनी गॅस बारीक केला. "मीपण तवाच तेच शोधलं."

"म्हणजे तो तुझी स्क्रीन बघतोय, आई. तू करतेस तेच करतोय. त्यानंतर त्यानं गुडघेदुखीवर घरगुती उपाय शोधलेत. तीन वेळा."

"थंड मुलुख," विनीताबाई म्हणाल्या. "गुडघे दुखणारच."

सर उठून हळूच शोकेसकडं निघाले. वायर उपटली की घर नांदेडात परत येणार होतं आणि चोर आपोआप नाहीसा होणार होता. तेवढ्यात मुकुल म्हणाला, "आणि बाबा, कुणीही वायफायला हात लावू नका. चोर कुठून शिरतो ते मी बघून राहिलोय. पुरावा जाईल."

"बसा की हो खाली," विनीताबाई म्हणाल्या. सर बसले.

मुकुलनं तिकडून पासवर्ड बदलला आणि आईला सांगितला. सरांनी चष्मा लावून तो विनीताबाईंच्या फोनवर टाइप करून दिला. दुसऱ्याच मिनिटाला पुण्याहून आवाज आला, "शिरला. नवा पासवर्डपण त्याला कळला. आई, कुणाला सांगितलास?"

"तुझ्या बाबांना."

"अजून?"

"अजून कोण असणार? घरात दोघंच तर हावोत."

मुकुलनं आणखी दोनदा पासवर्ड बदलला. चोर दोन्ही वेळा शिरला. एव्हाना विनीताबाईंची भीती जरा ओसरली होती आणि त्यांना त्या माणसाबद्दल चौकशी सुचू लागली होती. तो मराठी कुठं शिकला असंल, तिथं वांगी मिळतात का, त्याला करून घालणारं कुणी हाय का. सर मान खाली घालून ऐकत होते. बायकोचे गुडघे दुखतात हे त्यांना आजच, आणि तेही चोराकडून, कळलं होतं.

शेवटी मुकुल थकला. "एकच उपाय राहिला. सगळं खातंच पुसून टाकू. नवं काढू."

"आणि त्यातलं सामान?"

"जाईल ते."

विनीताबाईंनी गॅस बंद केला. त्या खात्यात त्यांच्या आईचा, तुळजाबाईंचा, दीड मिनिटाचा आवाज होता. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या, त्याच्या थोडं आधी दूधवाल्याशी हुज्जत घालताना कुणीतरी टिपलेला. दूध पातळ का, एवढाच विषय. विनीताबाई सणासुदीला तो लावून ऐकत आणि दर वेळी दूधवाल्याच्या विरुद्ध मान हलवत.

"पूस मग," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"नको," सर म्हणाले. "चोर मीच हाय."

त्यांनी ढाल बाजूला केली. राऊटरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. सरांनी बोगद्यापासून पोस्टमनपर्यंत सगळं सांगितलं.

"बाबा," मुकुल म्हणाला, "मी उद्यापासून दोन दिवस सुट्टी टाकलीय. साहेबांना सांगितलं, घरावर संकट आलंय."

विनीताबाई त्या दिव्यांकडं बघत होत्या. "म्हणजे सकाळपासनं मी नॉर्वेत होते?"

"इंटरनेटपुरती."

"आणि त्यो गुडघा माझाच."

"हाव."

"इतकी वर्षं मला हैदराबाद दाखवलं न्हाई," विनीताबाई म्हणाल्या, "आणि नेलं ते न सांगता. बायकोला परदेशात नेताना इचारावं माणसानं."

विनीताबाईंनी पदरानं हात पुसले आणि सरांजवळ येऊन बसल्या. "अजून कुठं कुठं जाता येतं ह्यातून?"

सरांना हुरूप आला. त्यांनी आपल्या फोनवर व्हीपीएनची यादी उघडून दिली. एकसष्ट देश होते. विनीताबाई बोटानं एकेक देश वर सरकवत गेल्या. पेरू आला, जपान आला, आइसलँड येऊन गेला. शेवटाला पोचल्यावर त्यांनी फोन परत दिला.

"लातूर न्हाई ह्यात."

"अगं, लातूर कसं असंल?"

"मग काय कामाचं? लातूरचा माझा भाऊ अमरनाथ सहा महिने झाले बोलावून राहिलाय, त्याच्या दारात पाय न्हाई ठेवला मी. तुम्हाला नेहमी काहीतरी काम." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि स्पीकरवर चालूच असलेल्या आपल्या फोनकडं वळल्या. "मुकुल, सुट्टी मोडू नको. उद्या मामाकडं ये. आम्ही सकाळच्या एसटीनं निघतो."

त्या बॅग काढायला आत गेल्या. सरांनी यादी आणखी एकदा वरपासून खालपर्यंत तपासली. लातूर खरंच नव्हतं.