मान्यताप्राप्त कुत्रा

काही अल्पज्ञ लोक विचारतात, कुत्रा शिकवणाऱ्या संस्थेला सरकारी मान्यता कशाला हवी? त्यांच्या माहितीसाठी, शेलूबाजारच्या आमच्या कचेरीतला वरिष्ठ लिपिक या नात्याने मी सत्य परिस्थिती नमूद करतो.

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. कचेरीतल्या एकतीस वेताच्या खुर्च्या विणण्याचे काम देवमनकडे होते. तो जन्मांध, आणि घर हमरस्त्यापलीकडे. लाल्या नावाचा गावठी कुत्रा दोरीने त्याला रोज रस्ता ओलांडून आणी. ट्रक आला की लाल्या देवमनच्या पायांपुढे आडवा उभा राही. रस्ता मोकळा झाला की चालू लागे. सहा वर्षांत देवमनला साधे खरचटले नव्हते. हे सगळे विनापरवाना चालले आहे, याकडे मात्र कोणाचेच लक्ष गेले नव्हते.

मग परिपत्रक आले. अंधांना वाट दाखवणारा कुत्रा मान्यताप्राप्त संस्थेतच शिकलेला असावा. नसल्यास तो मोकाट समजून त्याची विल्हेवाट लावावी. मी देवमनकडे दाखला मागितला.

"दाखला कायचा, बाबूजी? मी सोताच शिकवलं त्याले."

"तुझी संस्था नोंदलेली आहे?"

"मी अन् माही बायको भागिरथा. एवढीच संस्था."

आमचे साहेब दयाळू. जिल्ह्यात अशी संस्था नाही हे कळताच त्यांच्या मेहुण्यांनी ती आठवड्यात काढली. तपासणी समिती आली. तिने फलकाची लांबी मोजली, हजेरीपट पाहिला, पिण्याच्या पाण्याचा माठ झाकलेला होता त्याचे पाच गुण दिले. तक्त्यात कुत्र्याचा रकाना नव्हता. संस्थेला 'अ' श्रेणी मिळाली.

लाल्याचा प्रवेश-अर्ज मी स्वतः भरला. तो फेटाळला गेला, आणि कारण रास्त होते. संस्था फक्त न शिकलेले कुत्रे घेई. लाल्याला आधीच सगळे येत होते. 'येत असलेले विसरल्याचे प्रमाणपत्र जोडावे' असा शेरा पडला. देवमनने लाल्याला घरात बांधले आणि कामावर येणे सोडले.

पहिल्या तुकडीत साहेबांचा अल्सेशियन टायगर पहिला आला. तुकडीत तो एकटाच होता.

इकडे खुर्च्या खचू लागल्या. एके दिवशी साहेब खुर्चीच्या चौकटीत कमरेपर्यंत रुतले आणि तिघांनी मिळून त्यांना उपसून काढले. देवमनला टायगरसोबत घेऊन या, असा हुकूम मला झाला.

"ह्या कुत्र्याले रस्ता समजते काय, बाबूजी?" भागिरथाने दारातून विचारले.

"दाखला आहे," मी म्हणालो.

भर रस्त्यात ट्रकचा भोंगा वाजला आणि टायगर डांबरावर अंग टाकून डोळे मिटून पडला. मी त्याच्या गळ्यातला बिल्ला ट्रकला दाखवला. ट्रकवाल्याला परिपत्रक मिळाले नसावे. तेवढ्यात दोरी तोडून लाल्या धावत आला. त्याने देवमनला कडेला रेटले, मग माझी विजार दातांत धरून मला खेचले. टायगर मागून आपणहून आला. खोटे कशाला बोलू, त्या घटकेला मी लाल्याचे पाय धरले असते.

कचेरीत येऊन मी अहवाल लिहिला : 'मोकाट कुत्र्याने शासकीय कर्मचाऱ्याची विजार फाडली.' साहेबांनी विल्हेवाटीवर सही केली.

देवमनने वेताची मोळी खाली ठेवली. "लाल्या चालत नाई, तं मी तरी कसा चालतो, साहेब? खुर्च्या इनाचं काम मी बापाजवळून शिकलो. माहा बाप कुठी नोंदेल होता?"

साहेबांनी नियम काढून पाहिले. देवमनचे म्हणणे बरोबर होते. त्याचे काम बंद झाले. लाल्याने त्याला सुखरूप घरी नेले.

लाल्या अजून जिवंत आहे. मोकाट कुत्रे पकडणाराही मान्यताप्राप्तच लागतो, आणि तसा माणूस तालुक्यात नाही. आम्ही सतरंजीवर बसतो. शाबूत राहिलेल्या एकुलत्या खुर्चीवर टायगर बसतो, कारण आपले काम येत असल्याचा दाखला कचेरीत फक्त त्याच्याजवळ आहे.

देवमन आता लाल्याच्या दोन पिल्लांना रस्ता शिकवतो. ती फुकट मिळतील, पण दाखल्याविना. आजवर माझ्याकडे अंधांच्या नातलगांचे एकवीस अर्ज आले, एकवीसही टायगरसाठी. तुम्ही हसत असाल. हसा. बाविसाव्या अर्जाचा नमुना मी कोरा ठेवला आहे, त्यात तेवढे तुमचे नाव भरायचे आहे.