दिगांबरकाकांचा धक्का

जनावर दिसलं की आमच्या जऊळक्याचे दिगांबरकाका आधी त्याला ढकलून बघत. जोरात नव्हे, खांद्याला तळहात लावून हलकेच. गाय असो, शेळी असो, स्टेशनावरचं टांग्याचं घोडं असो. धक्का दिला की काका खाली वाकून पाय बघणार.

"पाह्य, पाह्य! पडाच्या आंधी पाय सरकला! कोनं सांगतलं त्याले?" काका आनंदाने ओरडत. उत्तरही त्यांचंच. "मेंदूनं! डोये, कान, पाय, समदे त्याच्याकडे चुगल्या करून राह्यले. उभं राहनं म्हंजे घडीघडी पडनं अन् घडीघडी सावरनं!"

हे खूळ एका ढोरांच्या डॉक्टरने त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. बगळ्यासारखं एका पायावर, डोळे मिटून उभं राहून बघताना काका दोनदा नदीत पडले. तरी ओले कपडे पिळत म्हणाले, "पाह्यलं? डोयाची चुगली बंद, का मानूस पान्यात!"

पोळ्याला तर कहर झाला. तोरणाखाली बैल उभे, आणि काकांनी पाटलाच्या बैलाचे डोळे उपरण्याने झाकून दिला धक्का! आमच्याकडे दलाल कापडाखाली बोटं दाबून सौदा ठरवतात. उपरणं बघून पाटील खवळले, "सनाच्या दिवशी माह्या बैलाचा सौदा करून राह्यला काय?"

"सौदा नाई हो! आंधारातई उभा राह्यला तो!"

घरी गोदाकाकू खाटेवर. मोठा ताप येऊन गेला, पायांत जोर राहिला, पण तळव्यांना जमीनच कळेना. उभं केलं की कोसळत. या उठणार नाहीत, असं वैद्याने सांगून टाकलं होतं. दुःख विसरायला काका जनावरांत रमतात, असं आम्हाला वाटे.

पोळ्यानंतर त्यांची गाय व्याली. वासरू बघायला मी गोठ्यात गेलो होतो. ते धडपडत उठलं, डुलू लागलं. कूस आईला जरा घासली मात्र, आणि डुलणं थांबलं.

"टेकलं नाई, नुसतं लागलं! कातडीनंई चुगली केली!" काका किंचाळले आणि घरात धावले. मीही मागोमाग.

"गोदे, ऊठ! मले धरू नोको. माह्या खांद्यावर येक बोट ठेव फक्त."

काकूंना उठवून काका पुढे पाठमोरे उभे राहिले. काकू डुलल्या. बोट टेकलं. आणि त्या उभ्या राहिल्या! मला तर ओरडावंसं वाटलं.

"आता मलेई ढकलसान का?" काकू म्हणाल्या.

काकांनी दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण हुंदका त्यांनी आतच दाबला. खांदा हलला असता, तर काकूंचं बोट सुटलं असतं.