रूळ वाजला की

लातूरच्या मिशन कंपाउंडातली घंटा नेमकी त्या रविवारी सकाळी फुटली, ज्या रविवारी सोलापूरहून मिशनचे मोठे साहेब येणार होते. फोडली दगडोबानं. दगडोबा म्हणजे देवळाचा राखणदार, झाडूवाला, दिवाबत्तीवाला आणि घंटा वाजवणारा. इकडची ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळच म्हणत. साहेबांच्या स्वागताला घंटा जरा दणक्यात वाजावी म्हणून त्यानं दोर असा काही ओढला की दुसऱ्याच ठोक्याला तिनं फुटक्या घागरीसारखा आवाज काढला आणि मग तोही काढायचं सोडून दिलं.

याकोबराव अर्धी दाढी करून धावत बाहेर आले. दगडोबा घंटेखाली उभा राहून वर बघत होता.

"म्या काय बी केलं न्हाई, पाळकसाहेब," तो म्हणाला. "तिची घडी भरली व्हती."

रेव्हरंड याकोब भालेराव हे त्या देवळाचे पाळक. माणूस देवभोळा, पण देवापेक्षा सोलापूरच्या साहेबांना जरा जास्तच भिणारा. देव निदान बदली करत नाही. मोठ्या साहेबांच्या कानावर कुणीतरी घातलं होतं की लातूरचं देऊळ रविवारी रिकामं असतं. तसं खरंच असलं तर लातूरची मंडळी मुरुडच्या उपदेशकाच्या हवाली करायची आणि याकोबरावांना तिकडे देगलूरच्या पलीकडे कुठंतरी पाठवायचं, असं घाटत होतं. याकोबरावांना लातूर सोडायचं नव्हतं. लेक याच गावात दिलेली होती. कंपाउंडात त्यांनी स्वतःच्या हातानं सीताफळं लावली होती आणि यंदा पहिल्यांदाच त्यांना फळ धरलं होतं. ती फळं दुसऱ्या पाळकानं खायची या विचारानं त्यांना रात्रीची झोप लागत नसे. हे पाप आहे हेही त्यांना कळत होतं.

देऊळ रिकामं राहायचं त्याला मंडळीचा अधर्म कारण नव्हता. घड्याळ कुणाकडेच नव्हतं. कुणी जिनिंगमध्ये, कुणी शेतावर. घंटा ऐकली की हातातलं काम टाकून यायचं, आणि तोवर पहिली दोन गाणी होऊन गेलेली असायची. म्हणून याकोबरावांनी मागच्याच रविवारी सगळ्यांना नीट पढवून ठेवलं होतं. साहेब सकाळच्या गाडीनं येणार. तर स्टेशनचा रूळ वाजला की हार घेऊन स्टेशनावर यायचं, आणि देवळाची घंटा वाजली की देवळात यायचं. लहान पोरांकडून पाढे म्हणून घ्यावेत तसं हे त्यांनी सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं.

आता रूळ म्हणजे काय, तर स्टेशनात एका खांबाला रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता. आधीच्या स्टेशनावरून गाडी सुटल्याचं कळलं की पॉइंटमन तो लोखंडी दांडक्यानं बडवी. त्या वेळची ती छोटी गाडी आणि तिचं वेळापत्रक यांची आपसात बोलचाल नव्हती. त्यामुळे गाव वेळापत्रक बघतच नसे. रूळ वाजला की टांगेवाले घोडी जुंपत, हमाल मुंडासं बांधत, आणि प्रवासी तोंडातला घास गिळत घराबाहेर पडत. तहसीलदारसुद्धा त्या आवाजाला मान देई.

"आता लोकांना बोलवायचं कसं?" याकोबरावांनी कपाळाला हात लावला. फेस कपाळाला लागला.

दगडोबाचं डोकं घंटा फोडल्यावर भलतंच तल्लख झालं होतं. तो बंगल्यामागे गेला. जुन्या मिशनरीसाहेबानं बंगला बांधताना तुळयांसाठी रूळ आणवले होते. त्यातला उरलेला एक तुकडा पाळकीणबाई सौदामिनीबाईंनी धुण्याच्या दगडाखाली टेकू म्हणून घातला होता. दगडोबानं तो उपसून आणला आणि दगड एका अंगावर कलंडला.

सौदामिनीबाई स्वैपाकघरातून बाहेर आल्या. "माझा टेकू कुठं नेला?"

"अगं, देवाच्या कामाला नेलाय," याकोबराव म्हणाले. "आज रविवार आहे. आज कुठं धुणं आहे?"

"उद्या सोमवार हाय," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

तुकडा लिंबाला टांगला. दगडोबानं कुदळीचा दांडा काढून फाळ हातात घेतला आणि एक ठोका हाणला. काय तो आवाज. घंटेच्या बापजन्मात असा निघाला नसता. याकोबरावांचं मन भरून आलं. देव एक दार बंद करतो पण खिडकी उघडी ठेवतो असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी दगडोबाला सांगितलं, हात राखू नको.

दगडोबानं राखला नाही. त्यानं मनापासून बडवलं. थोड्याच वेळात रस्त्यावर गलका झाला. याकोबरावांनी फाटकाशी येऊन बघितलं तर टांगे भरधाव चालले होते. त्यांच्यामागे ट्रंका घेतलेली माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, तहसीलीचा एक चपराशी. सगळे एकाच दिशेनं. देवळाच्या उलट दिशेनं. याकोबरावांना वाटलं, बाजारात काही तमाशा असेल. मग त्यांच्या डोळ्यांसमोरून कमलम्मा गेली.

कमलम्मा ही मिशनची बायबलबाई. म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी. निलंग्याकडची, तोंडी कानडीमिश्रित मराठी, आणि पाळकांची आज्ञा तिला दगडावरच्या रेघेसारखी. तिच्यामागे धुतलेली पांढरी लुगडी नेसून मंडळीतल्या सगळ्या बायका, त्यांच्यामागे पुरुष, हातात झेंडूचे हार, आणि सगळ्यांच्या शेवटी डफवाला.

"कमलम्मा, इकडं," याकोबरावांनी हाक मारली. "देवळात या, देवळात."

"आधी साहेबांना आनून घेताव, पाळकसाहेब," ती चालता चालता म्हणाली. "तुमीच बोल्ले न्हाई का."

हिला फार घाई, असं मनाशी म्हणून याकोबराव परत आले आणि त्यांनी दगडोबाला आणखी जोर लावायला सांगितलं. मागे राहिलेली दोन-चार घरंही त्या आवाजासरशी बाहेर पडून स्टेशनाच्या वाटेला लागली. कंपाउंड असं रिकामं झालं की चिमण्या देवळात येऊन बसल्या.

अखेर सौदामिनीबाई हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही लोकांना देवळात बोलवून राहिले का गाडीला?"

याकोबरावांनी रुळाकडे बघितलं. मग रस्त्याकडे बघितलं. मग त्यांना स्वतःचंच घोकून घेतलेलं वाक्य शब्दन् शब्द आठवलं आणि ते लिंबाच्या पारावर मटकन बसले.

तेवढ्यात फाटकात मोटार थांबली. मुरुडच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याची मोटार, आणि तिच्यातून धुळीनं माखलेले मोठे साहेब उतरले. साहेबांची हयात या मुलखात गेली होती. मराठी ते फार जुन्या पुस्तकातून शिकले होते आणि तशीच बोलत. गाडी मुरुडास आली ती तेथेच विश्रांती घेत राहिली, म्हणून या सज्जनांच्या वाहनातून आलो, असं त्यांनी सांगितलं. मग ते देवळाच्या दारात गेले. आत बाक होते आणि चिमण्या होत्या.

"मंडळी कोठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"येते आहे, साहेब," याकोबराव म्हणाले. आयुष्यात ते एवढ्या निराशेनं खोटं कधी बोलले नव्हते, आणि नेमकं तेच खरं निघालं.

कारण स्टेशनावर एव्हाना रणधुमाळी झाली होती. गाव जमलं होतं, गाडी नव्हती, आणि पॉइंटमन पोरांची शपथ घेऊन सांगत होता की त्यानं दांडक्याला हात लावलेला नाही. हैदराबादकडून बदलून आलेले स्टेशनमास्तर रामकिशन तापट गृहस्थ. त्यांनी कान देऊन आवाजाचा माग काढला आणि तडक निघाले. ते निघाले म्हणून टांगेवाले निघाले, ते निघाले म्हणून प्रवासी, आणि आता काय करायचं ते न कळून हार घेतलेली मंडळीही निघाली. अवघी वरात मिशन कंपाउंडात शिरली.

"रूळ कोन बजाया?" रामकिशन फाटकातूनच गरजले. "तहसीलदारसाहेबांच्या सासूबाई उन्हात खड्या आहेत तिकडं. जवाब देणार कोन?"

आणि मग त्यांना दारात गोरे साहेब दिसले. रामकिशननी टोपी नीट केली.

साहेबांना राग दिसलाच नाही. त्यांना दिसला समुदाय. पागोटीवाले, तुर्की टोपीवाले, बाया, पोरं, हार, डफ. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही हात पसरून ते म्हणाले, "यावे, यावे, सर्वांनी आत बसावे." दारात उभं राहून कुणी 'बसा' म्हटल्यावर नाही म्हणायची रीत या मुलखात नाही. शिवाय बाहेर ऊन होतं, आत माठ होता, आणि गाडीचा अजून पत्ता नव्हता. लोक बसले. बाक पुरले नाहीत तसे खाली बसले, खिडक्यांत बसले. तहसीलदारांच्या सासूबाईंनाही कुणीतरी टांग्यातून आणून पुढच्या बाकावर बसवलं.

रामकिशन मात्र तक्रार पोटात घेऊन बाकाच्या कडेला टेकले होते. ते तोंड उघडताहेत असं दिसताच याकोबरावांनी गाणं सुरू केलं. गाणं चालू असताना भला माणूस बोलत नाही. त्यांनी त्या दिवशी एकाही गाण्याचं एकही कडवं गाळलं नाही. गाणं संपलं की प्रार्थना, प्रार्थना संपली की दुसरं गाणं. रामकिशन दर 'आमेन'ला अर्धे उठत आणि पुन्हा बसत. साहेब डोळे मिटून डोलत होते. याकोबरावांच्या मनाला थोडं टोचत होतं, नाही असं नाही. पण परसातली सीताफळं आठवली की टोचायचं थांबत होतं.

शेवटी साहेब बोलायला उभे राहिले.

"लातुरास देऊळ ओस असते, ऐसे आम्हांस कळविण्यात आले होते," ते म्हणाले. "ते असत्य होते. आज आम्ही हिंदू, मुसलमान, लहान, थोर, सर्वांस एका छताखाली पाहिले. ऐशा मेंढपाळास एवढ्या लहान स्थळी ठेवणे हा अन्याय होय. नांदेडास आमचे मोठे देऊळ आहे आणि तेथे कोणी येत नाही. पुढील मासापासून याकोबराव नांदेडास जातील."

सौदामिनीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं.  ज्या गर्दीमुळे बदली टळायची तिच्यामुळेच ती झाली होती. आणि याच क्षणी, आधी किंवा नंतर नाही, याकोबरावांची सदसद्विवेकबुद्धी खडबडून जागी झाली.

"साहेब," ते उठून म्हणाले, "मला खरं बोललं पाहिजे. देवाच्या घरात मी खोटं झाकणार नाही. ही मंडळी माझी—"

तेवढ्यात स्टेशनाकडून आवाज आला. टण्ण, टण्ण, टण्ण. या वेळी खराखुरा.

देवळातली सगळी माणसं एकदम उठली. टांगेवाले खिडक्यांतून गेले. सासूबाईंना दोघांनी उचललं. रामकिशन तर सगळ्यांच्या पुढे होते. आणि घोकलेलं वाक्य डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून मंडळीसुद्धा हार घेऊन दाराकडे निघाली. साहेब समोर उभे होते आणि मंडळी साहेबांना आणायला चालली होती. उंबरठ्यावर कमलम्माच्या लक्षात आलं. ती थबकली, मागे वळली, आणि लाजत लाजत परत येऊन तिनं हार साहेबांच्या गळ्यात घातला.

"—माझी नाही, साहेब," याकोबरावांनी वाक्य पुरं केलं. "गाडीची होती."

मग त्यांनी घंटेपासून टेकूपर्यंत सगळं सांगितलं. साहेब आधी गंभीरपणे ऐकत होते. धुण्याच्या दगडापाशी त्यांचे खांदे हलायला लागले, आणि शेवटी ते इतके हसले की त्यांना पाण्याचा तांब्या द्यावा लागला.

"याकोबराव," डोळे पुसत ते म्हणाले, "जो मनुष्य आपली मेंढरे स्टेशनावर धाडतो त्यास नांदेडास पाठविणे योग्य नव्हे. तेथील स्टेशन फार मोठे आहे. तुम्ही येथेच राहावे."

त्यांनी सोलापूरहून नवी घंटा पाठवायचंही कबूल केलं. रात्री सौदामिनीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "खरं बोलायचं बरं सुचलं तुम्हाला." "प्रभूनं सुचवलं," याकोबराव म्हणाले. "हाव," बाई मान डोलावत म्हणाल्या, "पण नांदेड ऐकल्यावर सुचवलं."

नवी घंटा यायला बरेच महिने लागले. तोवर देवळात रूळच वाजत राहिला. रामकिशननी त्रागा करून स्टेशनचा रूळ उतरवला आणि त्या जागी पितळी घंटा टांगली, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. याकोबरावांनी मंडळीला नव्यानं पढवलं. रूळ वाजला की देऊळ, घंटा वाजली की गाडी. गावानंही ते पाठ केलं. सीताफळं उतरली. त्यातली पाटीभर रामकिशनकडे गेली आणि राग निवळला.

मग एका शनिवारी नवीकोरी घंटा आली. दगडोबानं ती रात्रीतून टांगली, आणि रविवारी सकाळी, या खेपेला अगदी हात राखून, वाजवली.

याकोबराव फाटकात उभे राहून मंडळीची वाट बघत होते. त्यांच्यासमोरून टांगे भरधाव गेले. ट्रंका गेल्या. आणि त्यांच्यामागून पांढऱ्या लुगड्यातली कमलम्मा सगळ्या बायकांना घेऊन झपझप स्टेशनाकडे चालली होती.

"कोन यायलेत, पाळकसाहेब?" तिनं जाता जाता विचारलं. "हार आनायचं कुनी सांगितलंच न्हाई."

त्याच संध्याकाळी नवी घंटा रामकिशनना भेट म्हणून स्टेशनात गेली आणि रूळ पुन्हा लिंबाला चढला. फुटकी घंटा सौदामिनीबाईंनी मागून घेतली. ती उपडी घालून त्यांनी धुण्याच्या दगडाखाली सारली. दगड तसूभरही हलत नव्हता.